आईबाबा दोघेच घरी असताना तातडीच्या वैद्यकीय सेवेचा उपयोग नेमका किती?

दूरची लेक

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

माझे वडील ८१ वर्षांचे आणि आई ७६ वर्षांची असून ते दोघेच राहतात. आम्ही दोघे भावंडे इतक्या अंतरावर आहोत की निरोप मिळताच निघालो तरी पोहोचायला निम्मा दिवस जातो. दोन महिन्यांपूर्वी आई पहाटे न्हाणीघरात घसरून पडली. बाबांना कमी ऐकू येते आणि झोपताना ते कानातले यंत्र काढून ठेवतात, त्यामुळे तिच्या हाका त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. ते नेहमीच्या वेळी उठले, तोवर आई ओल्या फरशीवर सुमारे अडीच तास पडून होती. हाड मोडले नाही हे आमचे नशीब. परंतु त्या अडीच तासांत तिचा जो धीर खचला, तो अद्याप पुरता सावरलेला नाही. ती मला म्हणाली, "दुखत होतं त्याचं काही नाही गं, पण भिंतीपलीकडे माणूस घोरत असताना आपला आवाज जात नाही, हे फार लागलं."

तेव्हापासून घरात एकमत होत नाही. गळ्यात किंवा मनगटावर बटण असते, ते दाबले की चोवीस तास चालणाऱ्या केंद्रातला माणूस बोलू लागतो, अशी वार्षिक वर्गणीची सेवा आजच घ्यावी, असे भावाचे मत आहे. वहिनीचे म्हणणे असे की रुग्णवाहिकेचा सार्वजनिक क्रमांक पाठ असताना त्याच कामासाठी आणखी कोणाला पैसे का द्यावेत. बाबा या वादात पडलेले नाहीत. आईने मात्र एका वाक्यात निकाल लावला आहे : "माझ्या गळ्यात घंटा बांधू नका, मी काही चरायला जात नाही."

माझा प्रश्न असा की, अशा सेवेमुळे कुटुंबाच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते? जाहिरातींत 'निश्चिंत राहा' एवढेच लिहिलेले असते, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ज्यांनी अशी सेवा वापरली आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नियंत्रण कक्षातून

ताई, मी बारा वर्षे तातडीच्या दूरध्वनी केंद्रात फोन घेण्याचे काम केले आहे. त्या खुर्चीत बसून जे दिसले ते लिहितो. त्यातून तुमचा हिशेब तुम्हीच मांडावा.

बहुतेकांच्या मनात तातडीची सेवा म्हणजे गाडी आणि तिचा भोंगा असतो. वास्तविक गाडीच्या आधी फोन येतो आणि तो कोण, किती लवकर उचलतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. लंडनमध्ये १९३५ साली एका घराला आग लागून पाच स्त्रियांचा मृत्यू झाला, त्या वेळी शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता. परंतु टेलिफोन केंद्रात तोही इतर फोनांबरोबर रांगेत थांबून राहिला. त्यावरून गदारोळ उठला आणि १९३७ मध्ये तेथे ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. सांगायचा मुद्दा एवढाच की या सेवेचा उगमच 'हाक ऐकली गेली नाही' या तक्रारीत आहे, आणि तुमच्या आईंची तक्रार याहून वेगळी नाही.

गाडीत उपचार मिळणे ही त्यानंतरची गोष्ट आहे. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी १९६५ च्या सुमारास हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले. ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालत असे आणि त्याचे वजन सुमारे ७० किलो होते. अमेरिकेत तर त्या काळापर्यंत अनेक ठिकाणी रुग्णाला न्यायला अंत्यविधी करणाऱ्यांचीच गाडी येत असे. (त्या गाडीत आडवे झोपता येत होते, हीच तिची पात्रता!) पिट्सबर्गमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या 'फ्रीडम हाउस' या रुग्णवाहिका सेवेने सामान्य तरुणांना रीतसर शिकवून घरीच उपचार सुरू करता येतात हे दाखवून दिले. त्यांच्या शिक्षणामागे पीटर साफर हे डॉक्टर होते.

आता फोनकडे वळतो. आमच्याकडे फोन आला की आम्ही आधी पत्ता विचारतो, मग 'माणूस शुद्धीवर आहे का' आणि 'श्वास नेहमीसारखा चालू आहे का' हे दोन प्रश्न. लोक येथे फार चिडतात. "प्रश्न काय विचारत बसलात, गाडी पाठवा!" हे वाक्य मी रोज ऐकत असे. परंतु पत्ता पडद्यावर उमटला की शेजारी बसलेला सहकारी गाडीला सूचना देतो. मी बोलत असतो तेव्हा गाडी निघालेलीही असते. माझे प्रश्न गाडीला थांबवत नाहीत, ती येईपर्यंतची मिनिटे वापरता यावीत यासाठी ते असतात.

एका रात्रीचा फोन मी विसरलेलो नाही. पलीकडे साठीच्या पुढच्या बाई होत्या आणि त्यांचे पती हाक मारूनही उठत नव्हते. श्वास चालू आहे का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हो, घोरताहेत ना." मी त्यांना सांगितले की ते पुढचा श्वास घेतील तेव्हा 'आता' म्हणा. त्यांनी 'आता' म्हटले. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. दुसरा 'आता' अकरा सेकंदांनी आला. ते घोरणे नव्हते. हृदय थांबल्यावरही काही वेळ शरीर तशा तुटक उचक्या देत राहते आणि घरच्यांना त्यावरून माणूस श्वास घेतो आहे असे वाटते. गादी मऊ असल्यामुळे छाती नीट दबणार नव्हती, म्हणून चादरीसकट त्यांना जमिनीवर ओढायला सांगितले. मग फोन स्पीकरवर ठेवून मी मोजत राहिलो आणि त्या दाबत राहिल्या : मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. सातव्या मिनिटाला गाडी दाराशी आली आणि तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आले की दाराला आतून कडी आहे. बाईंना दाबणे सोडून उठावे लागले. पुढे त्या गृहस्थांचे काय झाले हे मला कळले नाही. फोन घेणाऱ्याला ते सहसा कळत नाही.

या अवस्थेत छाती दाबणारे कोणी नसेल, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. गाडी कितीही तत्पर असली तरी ती या वेळेत घराच्या आत पोहोचेलच असे नाही. म्हणून ती मिनिटे घरातल्या माणसाच्या हातात आणि आमच्या आवाजात असतात.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर : शुद्धीवर असलेला, परंतु उठू किंवा फोनपर्यंत जाऊ न शकणारा माणूस असेल, तर बटण मोलाचे आहे. शुद्ध हरपलेल्याला बटण दाबता येत नाही. तेथे दुसरे माणूस जागे असणे आणि त्याला सार्वजनिक क्रमांक तत्क्षणी लावता येणे, याला पर्याय नाही.

वर्गणीदार

वरील प्रतिसाद उत्तम आहे. तथापि नाण्याची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आमचे हात पोळलेले आहेत.

आम्ही सासूबाईंसाठी अशी सेवा घेतली होती. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. एका संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांनी बटण दाबले. केंद्रातील मुलगी अत्यंत नम्रपणे बोलली, याबद्दल दुमत नाही. त्यानंतर तिने काय केले, तर आम्हीच अर्जात लिहून दिलेल्या यादीतील पहिल्या नातेवाइकाला, म्हणजे मला, फोन लावला. मी बैठकीत होतो. मग दुसऱ्याला लावला. त्याचा फोन बंद होता. तिसरीने उचलला आणि "रुग्णवाहिका पाठवू का?" या प्रश्नावर "अर्थातच पाठवा" असे सांगितले, तेव्हा कुठे रुग्णवाहिकेला कळवले गेले. यात १९ मिनिटे गेली. नंतर करार काढून पाहिला तर हाच क्रम त्यात स्पष्ट छापलेला होता आणि त्याखाली माझी सही होती. चूक त्यांची म्हणावी की माझी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

सुदैवाने सासूबाई बचावल्या. परंतु ज्या वेळी त्या स्वतः फोन करू शकत होत्या, त्या वेळी बटणाने मदत लांबवली, हे सत्य उरतेच. म्हणून ताईंना माझी विनंती आहे की सही करण्यापूर्वी एकच गोष्ट लेखी मागून घ्या : बटण दाबल्यावर पहिला फोन कोणाला जातो, आणि पलीकडून उत्तर आले नाही तर किती मिनिटांनी, कोणालाही न विचारता, रुग्णवाहिका बोलावली जाते. बाकीची पत्रके वाचली नाहीत तरी चालेल.

रात्रपाळीची परिचारिका

वर्गणीदार यांचा राग रास्त आहे. मात्र मूळ प्रश्न पडण्याचा आहे आणि त्या अडीच तासांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

पडल्यावर हाड मोडले नाही म्हणजे निभावले, असे घरचे धरून चालतात. आम्ही विभागात वेगळे पाहतो. वृद्ध माणूस एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिले की अंगाखाली दबलेल्या स्नायूंना इजा होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि ती मूत्रपिंडांना झेपत नाहीत. कंबरेवर, टाचेवर जखमा धरतात. ओल्या फरशीवर शरीराचे तापमान उतरते. पाणी पोटात गेलेले नसते. आईंना त्या दिवशी रुग्णालयात नेले होते का, हे आपण लिहिलेले नाही. नेले नसेल, तर पुढच्या वेळी 'चालता येतंय ना' एवढ्यावर समाधान मानू नका. आणि त्या आपल्या आपण उठल्याच नाहीत तर त्यांना बगलेत हात घालून ओढून उभे करू नका. मान, पाठ किंवा खुबा दुखावलेला असू शकतो.

बटणाबाबत एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या पडण्याचा अभ्यास झाला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की बराच वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी, मदतीचे बटण उपलब्ध असूनही, ते वापरले नव्हते. माझा अनुभवही तोच आहे. बटण उशाच्या खुंटीवर टांगलेले असते आणि माणूस न्हाणीघरात पडलेले असते. कोणाला 'उगीच कशाला लोकांना त्रास' असे वाटते, कोणाला आपण परावलंबी झालो हे मान्य नसते. आपल्या मातोश्रींचे घंटेचे वाक्य वाचून मला हसू आले आणि काळजीही वाटली. त्यांना न पटता घेतलेले बटण खुंटीवरच राहील.

दुसरे म्हणजे पक्षाघात. यात दुखत नाही, म्हणून घरचे 'थोडं पडू दे, बरं वाटेल' म्हणतात आणि येथेच घात होतो. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर धरला की खाली येतो, बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी त्याच क्षणी फोन करावा. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून आम्ही दारातच विचारतो, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले होते?" आणि समोर बहुधा शांतता असते. ती वेळ कागदावर लिहून ठेवा. तोंडात पाणी, गोळी काहीही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, आणि हा रक्तस्राव आहे की गुठळी हे घरी कळत नाही, त्यामुळे ॲस्पिरिनही नको.

रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी निघतानाच पक्षाघाताची सूचना दिली, तर रुग्ण पोहोचण्यापूर्वी स्कॅनची खोली मोकळी करता येते. स्वतःच्या गाडीने आणलेला रुग्ण अनेकदा आधी नोंदणीच्या खिडकीपाशी अडकतो. सेवेचे मोल मला विचाराल तर ते येथे फार आहे, आणि ते भोंग्याच्या वेगाहून अधिक या आगाऊ निरोपात आहे.

दूरची लेक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिचारिका ताई, आईला त्या दिवशी रुग्णालयात नेले नव्हते. वाचून अंगावर काटा आला. काल तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली, मूत्रपिंडांचे काम ठीक आहे.

वर्गणीदार यांनी सांगितल्याप्रमाणे दोन ठिकाणी लेखी विचारणा केली. एकाने उत्तर म्हणून पुन्हा तेच रंगीत पत्रक पाठवले. दुसऱ्याने स्पष्ट लिहून दिले की पलीकडून एका मिनिटात बोलणे ऐकू आले नाही, तर ते कोणालाही न विचारता रुग्णवाहिका बोलावतात आणि घरच्यांना त्यानंतर कळवतात. सध्या त्यांच्याकडे कल आहे.

आईशी मात्र वेगळ्या रीतीने बोलले. 'तुझ्यासाठी' हा शब्दच टाळला. बाबा पडले तर तुला त्यांना उचलता येणार नाही, आणि फोन शोधायला चष्मा लागेल, एवढेच म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "त्यांच्यासाठी असेल तर ठेव." बटण मनगटावरचे हवे, गळ्यातले नको, आणि पाण्याने बिघडणारे नको, ही तिचीच अट आहे.

एक शंका उरते. रात्री दाराला आतून कडी लावल्याखेरीज आईला झोप येत नाही. मग मदत आत येणार कशी?

नियंत्रण कक्षातून

कडीच्या जागी बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवा. आतून ते किल्लीविना, नुसत्या हाताने उघडले पाहिजे, नाहीतर ऐन वेळी किल्ली शोधण्यात वेळ जाईल. बाहेरच्या भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची छोटी लोखंडी पेटी मिळते, तिच्यात एक किल्ली ठेवावी आणि आकडा सेवा देणाऱ्यांकडे नोंदवावा. एक किल्ली शेजाऱ्यांकडे असू द्या, मात्र ते गावाला जाताना ती कोणाकडे देतात हेही ठरवून घ्या. न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूने उघडेल असे करून घेता आले तर फार बरे. पडलेले माणूस दाराला टेकलेले असले की आत ढकलायचे दार उघडत नाही, हे मी फोनवर अनेकदा ऐकले आहे.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा : पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, कोणता मजला, दोघांचे आजार, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, कशाची ॲलर्जी आहे ते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. स्वतःचा पत्ता घाबरल्यावर आठवत नाही, हे कोणाला पटत नाही. मी मात्र ते पुष्कळ वेळा अनुभवले आहे.

वर्गणीदार

एक पुस्ती जोडतो. यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात केंद्राला पूर्वसूचना देऊन आईंना न्हाणीघराच्या फरशीवर बसवून बटण दाबायला सांगा. आमच्याकडचे यंत्र दिवाणखान्यात उत्तम चालत असे, आणि न्हाणीघराचे दार लावले की पलीकडचा आवाज येत नसे. हे आम्हाला दीड वर्षाने कळले.

दूरची लेक

येत्या रविवारी मी तिकडे जाते आहे, तेव्हा हे करून पाहते. फरशीवर बसायचे म्हटल्यावर आई म्हणाली, "मी बसते, पण उठवायला तू थांब." बाबांनी या साऱ्या प्रकरणात पहिल्यांदाच तोंड उघडले : रात्री एका कानातले यंत्र ते यापुढे काढणार नाहीत.